नव्या नाण्याआधी कागद पाहा

महोदय,

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात हयात गेली, त्यामुळे कागद मागायची खोड आहे. परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका 'येऊ घातलेल्या' क्रिप्टो नाण्याचे सादरीकरण झाले. (सामोसे उत्तम होते.) एकूण टोकनांपैकी (म्हणजे त्या नाण्याच्या एककांपैकी) संस्थापकांकडे किती आणि ते कधीपासून विकू शकतात, एवढेच मी विचारले. उत्तर आले, "काका, आधी ग्रुपमध्ये या." नवा माणूस आणल्यास कमिशन किती, हे मात्र तोंडपाठ!

पुणेकरांनी तरी 'गेनबिटकॉइन' ही गुंतवणूक योजना विसरू नये. दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असे सांगून लोकांचे बिटकॉइन घेतले गेले आणि पुढे परताव्याच्या नावाखाली 'एमकॅप' हे घरचेच टोकन हातावर ठेवले. मुख्य आरोपीला २०१८ मध्ये अटक झाली. रोज वरखाली होणाऱ्या वस्तूवर ठरावीक परतावा येणार कुठून?

"सरकार ३० टक्के कर घेते, म्हणजे मान्यताच," असेही त्या दिवशी ऐकवले गेले. २०२२ पासूनचा हा कर नफ्यावर आहे. मुद्दलाची हमी त्यात नाही. सोसायट्यांनी अशांना हॉल देण्यापूर्वी कंपनीची नोंदणी आणि प्रवर्तकाचा पत्ता लेखी मागावा.

– एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड, पुणे