नदी कुठून वाहते, हे आधी पाहायला सांगणाऱ्या मामांस

आदरणीय मामा यांस,

सा. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन मी बुडापेस्टला जाऊन आले आणि परतल्यावर फोनवरून आपले आभारही मानले. पण ते मला अपुरेच वाटत राहिले. आपण माझ्या मैत्रिणीचे मामा, एवढीच खरे तर आपली ओळख. तरीही जानेवारीतल्या एका रविवारी आपण दुपारची झोप मोडून माझ्यासाठी दीड तास बसलात, दोन नकाशे शोधून काढलेत आणि माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेत. हे पत्र उघडपणे लिहिण्याला एक कारण आहे. वयस्कर आई-वडिलांना घेऊन युरोपात एकदाच जाणे ज्यांना परवडते आणि ऑस्ट्रियातले व्हिएन्ना की हंगेरीतले बुडापेस्ट अशा पेचात जे सापडले आहेत, असे माझ्यासारखे आणखीही काही जण असतील. आपण मला जे विचारलेत, ते त्यांच्याही कानांवर जावे असे मनापासून वाटते.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी महिनाभर वहीत दोन रकाने पाडून बसले होते. माझा स्वतःचा कल व्हिएन्नाकडे होता. १८६९ साली उघडलेले तिथले ऑपेरागृह, ब्रॉयगलच्या चित्रांचा तो मोठा संग्रह, शोनब्रुनचा राजवाडा, हे सारे मी वर्षानुवर्षे मनाशी जपले होते. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या: व्हिएन्ना राजेशाही आहे आणि बुडापेस्ट स्वस्त आहे. प्रवासी कंपन्यांची पत्रके तर अकरा दिवसांत आठ शहरे दाखवायला तयार होती. या सगळ्यात बाबांचे शहात्तर वर्षांचे वय, आईचे गुडघे आणि आमच्या हाताशी असलेल्या सहा रात्री यांचा विचार कुणीच केला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही पुरेसा केला नव्हता.

आपण मला कोणते शहर आवडते हे विचारलेच नाहीत. आपण विचारलेत, “तुझे बाबा रस्त्याने चालताना कशापाशी थांबतात?” उत्तर द्यायला मला क्षणभरही लागला नाही. बाबा पुलापाशी थांबतात. सार्वजनिक बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून त्यांनी सगळी नोकरी मोऱ्या, फरशी पूल आणि ओढ्यांवरचे लहान पूल बांधण्यात काढली. त्यांचे बालपण कृष्णाकाठच्या गावात गेले; पावसाळ्यात नदी ओलांडायची म्हणजे होडीवाल्याच्या मर्जीवर आणि पाण्याच्या जोरावर अवलंबून राहायचे, हे त्यांनी अनुभवले आहे. सांगलीचा १९२९ सालचा आयर्विन पूल हा त्यांच्या लेखी पूल कसा असावा याचा पहिला धडा होता. आजही पावसाळ्यात वर्तमानपत्र हाती आले की ते आधी आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी वाचतात आणि मग बाकीच्या बातम्यांकडे वळतात. हे मी आपल्याला सांगितले, तेव्हा आपण काही न बोलता उठलात आणि आतून दोन्ही शहरांचे नकाशे घेऊन आलात.

त्यानंतर आपण निळ्या पेन्सिलीने दोन्ही नकाशांवर डॅन्यूब नदी गिरवलीत. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नदी एकच, शहरे दोन, आणि तरी रेघ इतकी वेगळी! व्हिएन्नाच्या नकाशावर ती जुन्या शहराला बाजूला ठेवून निघून जात होती. पुराच्या त्रासामुळे १८७० ते १८७५ या काळात तिथे नदीला नवे सरळ पात्र खोदून दिले गेले, आणि जुन्या शहराच्या कडेने वाहतो तो केवळ डॅन्यूबचा कालवा, असे आपण समजावून सांगितलेत. बुडापेस्टच्या नकाशावर मात्र निळी रेघ शहराच्या बरोबर मधून गेली: एका काठाला डोंगरावरचे बुडा, दुसऱ्या काठाला सपाटीवरचे पेश्त. बुडा, पेश्त आणि ओबुडा ही तिन्ही गावे १८७३ साली एकत्र होऊन हे शहर झाले, आणि बुडा-पेश्तला त्याआधी जोडले ते पुलाने. आपण पेन्सिल खाली ठेवलीत आणि म्हणालात, “तुझ्या बाबांना नदी लागते. ती इथे दाराशी आहे.” माझ्या वहीतले दोन्ही रकाने त्या क्षणी निरुपयोगी झाले.

ज्या शहरात आपण नोकरीनिमित्त बावीस वर्षे राहिलात आणि ज्याचे नाव घेतानाही आपला आवाज हळवा होतो, ते व्हिएन्ना आहे, हे मला त्या दिवशी निघताना कळले. आपण व्हिएन्नाची बाजू मांडताना काहीही हातचे राखले नव्हते. १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी तिथल्या घरोघरच्या नळाला येते, भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर लिफ्टची सोय उत्तम आहे, आणि चालण्याचा त्रास असलेल्या माणसाला ते शहर अधिक सोपे जाते, हे सारे आपण स्वतःहून सांगितलेत. आपल्याला प्रिय असलेले शहर बाजूला ठेवून एका अनोळखी माणसाच्या आवडीचा विचार करायला मोठे मन लागते. माझे आभार सर्वांत आधी त्यासाठी आहेत.

दोन्ही शहरे तीन-तीन रात्री करावीत, हा माझा मधला मार्गही आपण मोडून काढलात, ते फार बरे केलेत. रेल्वेने अंतर जेमतेम पावणेतीन तासांचे आहे, हे माझे म्हणणे बरोबरच होते. पण सामान बांधणे, स्थानक गाठणे, नवे हॉटेल शोधणे आणि आईचे गुडघे यांत एक अख्खा दिवस खर्ची पडतो, हा हिशेब मी केलेला नव्हता. व्हिसाचा मुद्दाही आपणच लक्षात आणून दिलात. युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात अधिक रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि रात्री समान असतील तर जिथे आधी प्रवेश होणार त्या देशाकडे. सहाही रात्री बुडापेस्टला ठरल्यामुळे आमचा अर्ज सरळ हंगेरीकडे गेला आणि कागदपत्रांत कुठेही गुंता झाला नाही.

बुडापेस्टच्या अडचणी आपण लपवल्या नाहीत, म्हणून त्या आम्हाला जड गेल्या नाहीत. १८९६ साली सुरू झालेली तिथली पहिली भुयारी रेल्वे रस्त्याच्या अगदी खालून धावते, पण तिच्या स्थानकांना लिफ्ट नाही, पायऱ्या उतराव्याच लागतात. काही खोल स्थानकांचे सरकते जिने आपल्या सवयीपेक्षा बरेच वेगाने चालतात. चार आणि सहा क्रमांकांच्या ट्राम खालच्या पायरीच्या आहेत, तर नदीकाठच्या दोन क्रमांकाच्या मार्गावर जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच आहेत. बुडाच्या किल्ल्यावर चढून जाऊ नका, सोळा क्रमांकाची बस पूल ओलांडून वरपर्यंत नेते. आपल्या हातचा हा कागद मी सहा दिवस पर्समध्ये ठेवला होता. आईने एकदाही “आता पुरे” म्हटले नाही, याचे श्रेय त्या कागदाला आहे.

आता बाबांविषयी सांगते, कारण आपल्याला तेच ऐकायचे असणार. पहिल्याच संध्याकाळी आम्ही साखळी पुलापाशी गेलो. १८४९ साली तो खुला होण्यापूर्वी बुडा आणि पेश्त यांच्यामध्ये कायमचा पूल नव्हता. होड्या जोडून केलेला पूल हिवाळ्यात काढून ठेवावा लागे. काउंट इश्तवान सेचेन्यी या हंगेरियन उमरावाला वडिलांच्या अंत्यविधीसाठी जाताना नदीतल्या बर्फामुळे आठवडाभर काठावर अडकून पडावे लागले आणि तेव्हापासून त्याने पुलाचा ध्यास घेतला, असे सांगतात. मी हे वाचून दाखवले तेव्हा बाबा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे बर्फ नव्हते, पूर होता. अडकणे तेच.”

साखळी म्हणजे कड्या नव्हेत, लांब सपाट लोखंडी पट्ट्या पिनांनी एकमेकींत गुंतवलेल्या असतात, हे त्यांनी आम्हाला हात लावून दाखवले. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, २०२ मीटरचा आहे हे कळल्यावर त्यांनी तो आकडा दोनदा उच्चारला. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा गाळा वीस मीटरचा होता. पुलाचा आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याचा, आणि काम उभे राहून करून घेतले ते ॲडम क्लार्क या स्कॉटिश अभियंत्याने. दोघांचे आडनाव एक असले तरी नाते नव्हते. पुलाच्या बुडाकडच्या टोकाला जो चौक आहे त्याला नाव दिले आहे ते ॲडम क्लार्कचे. ज्याने कागदावर रेघा मारल्या त्याच्याऐवजी ज्याने उन्हातान्हात कामावर उभे राहून पूल पुरा केला त्याच्या नावाचा चौक पाहून बाबा अक्षरशः थबकले. आयुष्यभर कामावर उभा राहिलेला माणूस तो. त्याच चौकात हंगेरीतल्या रस्त्यांची अंतरे जिथून मोजतात तो शून्य किलोमीटरचा दगड आहे. मैलाचे दगड रोवण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या बाबांनी माझ्याकडून त्या दगडाशेजारी स्वतःचे छायाचित्र काढून घेतले. सबंध प्रवासात त्यांनी आपणहून मागितलेले छायाचित्र तेवढे एकच.

पुढचे चार दिवस आम्ही पुलांच्या मागे होतो. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले डॅन्यूबवरचे पूल उडवून दिले. साखळी पूल पुन्हा उभा राहिला तो नोव्हेंबर १९४९ मध्ये, पहिल्या उद्घाटनाला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा. १८९६ चा हिरवा स्वातंत्र्य पूल त्याआधीच, १९४६ साली, दुरुस्त होऊन वापरात आला होता. १९०३ चा एलिझाबेथ पूल मात्र मूळ रूपात परत आला नाही. त्याच्या जागी १९६४ साली पांढरा, सडपातळ असा नवा झुलता पूल झाला. मला वाटत होते की बाबांना जुनेच अधिक आवडेल. पण ते म्हणाले की जुन्या पुलाची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी आपल्या काळाचा पूल बांधायलाही धाडस लागते. त्या पुलाखाली ते जवळजवळ तासभर बसून होते.

एका चर्चच्या भिंतीपाशी जे घडले ते आपल्याला फोनवर सांगता आले नव्हते, कारण माझाच कंठ दाटून आला होता. एलिझाबेथ पुलावरून पेश्तमध्ये उतरल्यावर थोड्याच अंतरावर फ्रान्सिस्कन चर्च आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक मोठे उठावशिल्प आहे: होडीत उभा असलेला एक माणूस बुडणाऱ्यांना वर ओढून घेतो आहे. १८३८ च्या मार्चमध्ये बर्फाने तुंबलेल्या डॅन्यूबला महापूर आला, पेश्तमधली घरेच्या घरे कोसळली, आणि मिक्लोश वेशेलेन्यी या हंगेरियन उमरावाने होडीतून फिरून लोकांना वाचवले, त्याची ती आठवण. त्या पुराच्या पाण्याची उंची दाखवणाऱ्या खुणाही शहरात काही इमारतींवर जपून ठेवल्या आहेत. २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घराच्या भिंतीवर उमटलेली मातकट रेघ बाबांनी अजून रंगवू दिलेली नाही. आईचा त्यावरून दरवर्षी दिवाळीत वाद होतो. त्या चर्चपाशी आईने शिल्पाकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले आणि म्हणाली, “राहू दे ती रेघ.”

आईचे दिवसही आनंदात गेले. स्वातंत्र्य पुलाच्या पेश्तकडच्या टोकाला १८९७ सालची मोठी मंडई आहे. तिथे लाल पाप्रिकाची पूड हातावर घेऊन तिने लगेच निदान केले की ही ब्याडगीच्या वळणाची, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. आपण देवनागरीत लिहून दिलेले “हूश नेल्क्युल”, म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द तिने पहिल्याच दिवशी पाठ केले आणि दुकानात मला बोलूही दिले नाही. लांगोश हा तळलेल्या पिठाचा जाड पदार्थ लसूण लावून तिने तीनदा खाल्ला. सेचेन्यी स्नानगृहाच्या गरम पाण्यात उतरायला ती आधी तयार नव्हती. डॉक्टरांना विचारूनच आणि थोडाच वेळ, ही आपली अट सांगितल्यावर धीर आला. त्या रात्री ती गुडघ्यांना तेल न लावता झोपली.

व्हिएन्ना राहून गेले याची रुखरुख मला अजिबात वाटली नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ते ऑपेरागृह अजून मनात आहे. पण बुडापेस्टचे १८८४ सालचे ऑपेरागृह आहे, वरच्या मजल्याची तिकिटे काढ आणि एक संध्याकाळ स्वतःसाठी ठेव, असे आपण बजावले होते, तसे मी केले. आई-बाबा हॉटेलात विश्रांती घेत होते आणि मी एकटी सोनेरी छताखाली बसून संगीत ऐकत होते. सगळ्यांचा विचार करताना माझाही विचार कुणीतरी केला आहे, ही जाणीव मला त्या संध्याकाळी फार सुखावून गेली.

पत्रासोबत बाबांच्या वहीतल्या चार पानांच्या प्रती पाठवत आहे. त्यांनी चार पुलांची रेखाटने काढली आहेत, गाळ्यांची मापे लिहिली आहेत, आणि शेवटच्या पानावर आपल्यासाठी दोन ओळी आहेत. त्या मी वाचलेल्या नाहीत. दिवाळीनंतर पाणी उतरले की आपण सांगलीला यावे, असा त्यांचा आग्रह आहे. आयर्विन पूल ते आपल्याला खालून, घाटाच्या बाजूने दाखवणार आहेत. आईने आतापासूनच विचारून ठेवले आहे की आपल्याला भरली वांगी चालतात की नाही, तेवढे कळवावे.

आपली नम्र,
आपल्या भाचीची सांगलीची मैत्रीण