आजोबा, तो ‘ट’ नाही, ‘त’ आहे

मँचेस्टर
१२ ऑक्टोबर

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र खास तुमच्यासाठी आहे, आजीला वाचून दाखवा. १९५७ च्या दिवाळीच्या सुमारास तुम्ही वाईच्या अंगणातून पहाटे स्पुटनिक, म्हणजे रशियाने सोडलेला तो पहिला कृत्रिम उपग्रह, पाहिलात, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. काल ती मनात घेऊनच जॉड्रेल बँकची वेधशाळा बघून आले. गूस्ट्री स्टेशनला उतरलो आणि पुढे शेतांमधून चालत गेलो. तिथल्या रेडिओ दुर्बिणीची ७६ मीटर व्यासाची प्रचंड थाळी १९५७ सालीच उभी राहिली होती, आणि स्पुटनिकला वर नेणारं रॉकेट तिने रडारने आकाशात शोधून काढलं होतं.

स्पुटनिक म्हणजे जेमतेम ५८ सेंटिमीटरचा, ८३.६ किलोचा गोळा. नुसत्या डोळ्यांना तो दिसणं फार कठीण. लोकांना दिसायचं ते बहुतेक त्याच्या मागोमाग पृथ्वीभोवती फिरणारं रॉकेट. म्हणजे तुम्ही पाहिलात तेही बहुधा रॉकेटच असणार. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही अंगणातून आणि ही थाळी इथून, दोघं एकाच गोष्टीकडे बघत होतात!

माझ्याबरोबर ऑफिसमधली मैत्रीण होती, रशियातल्या कझानची. मी ‘स्पुटनिक’ म्हटलं तर तिने हळूच दुरुस्त केलं: स्पूत्निक. दंत्य त, आपल्या ‘तळ्या’तला. इंग्रजीला तो जमत नाही, म्हणून त्यांचा ट झाला. आपल्याकडे त असूनही आपण शब्द इंग्रजीच्या हातून घेतला, म्हणून आपणही टच लिहीत बसलो. मला याची मनापासून हळहळ वाटली, कारण तिने पुढे जे सांगितलं ते ऐकून तो शब्द आपल्या घरचाच वाटायला लागला.

‘पूत्य’ म्हणजे वाट. आपला संस्कृत पंथ आणि हा पूत्य एकाच मुळातून आलेले. ‘पूत्निक’ म्हणजे वाटसरू; मला तर ऐकताना ‘पथिक’च ऐकू आलं. त्याच्या आधी ‘बरोबर’ या अर्थाचा स लावला की झाला स्पूत्निक, वाटेवरचा सोबती. आगगाडीत शेजारी बसून गप्पा मारणारा माणूसही स्पूत्निक, आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्रसुद्धा. रशियन लोकांनी ४ ऑक्टोबर १९५७ ला जे सोडलं, त्याला ते ‘पृथ्वीचा कृत्रिम सोबती’ म्हणत होते. ते विशेषनाम नव्हतं, साधा रोजचा शब्द होता.

आपण ‘उपग्रह’ म्हणतो, म्हणजे दुय्यम ग्रह. इंग्रजीतला ‘सॅटेलाइट’ लॅटिनमधून आला, तिथे त्याचा अर्थ राजाच्या मागेपुढे चालणारा रक्षक. एकाच वस्तूची ही तीन नावं, आणि बरोबरीचा मान फक्त रशियन शब्दात. दिंडीत तुमच्या शेजारून चालणाऱ्यांबद्दल तुम्ही ज्या आपुलकीने बोलता, तोच सूर मला त्या शब्दात ऐकू आला.

इंग्रजीत येताना मात्र हा सोबती हरवला. अमेरिकेने तो शब्द घेतला तो धास्तीसकट. डिसेंबरमध्ये त्यांचं व्हॅनगार्ड रॉकेट उडता उडता कोसळलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘फ्लॉपनिक’, ‘कपूटनिक’ अशी नावं दिली. एप्रिल १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी रूढी झुगारणाऱ्या तरुणांसाठी ‘बीटनिक’ हा शब्द काढला. नुसतं ‘निक’ तेवढं सगळ्यांनी उचललं आणि मधली वाट गळून पडली. अजूनही इथे ‘स्पुटनिक मोमेंट’ म्हणतात, ते दुसरा कुणी आपल्या पुढे गेला हे कळून दचकण्याच्या क्षणाला. सोबतीच्या शब्दाचा असा शर्यतीचा शब्द व्हावा, हे मला पटत नाही.

तो गोळा ९६ मिनिटांत एक प्रदक्षिणा घालायचा. तीन आठवड्यांत त्याची बॅटरी संपली, बीप-बीप थांबलं, तरी जानेवारीच्या सुरुवातीला वातावरणात जळेपर्यंत तो मुका फिरत राहिला.

इथे थंडी सुरू झाली आहे, आजीने विणलेला स्वेटर रोज घालते. माझी काळजी करू नका.

उत्तर लिहाल तेव्हा दोन गोष्टी नक्की सांगा. तो ठिपका एकसारखा दिसत होता की मंद-तेज होत होता? आणि त्या पहाटे अंगणात तुमच्या शेजारी कोण उभं होतं? ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

तुमची नात,
मुग्धा