कोड न पुसणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

हे तुम्हाला समोर बसून सांगायला गेले, की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. दोनदा अनुभव घेतलाय. म्हणून लिहितेय, आणि तेही चारचौघांत.

माझी गाडी जुनी, हे तुम्हाला बॉनेट उघडण्याआधी आवाजावरूनच कळलं होतं. डॅशबोर्डवरचा तो पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा तेव्हा चार महिने लागत-विझत होता. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड वाचणारं यंत्र) लावला, पी०१७१ हा कोड आला, तो पुसला, दिवा गेला, "झालं काम!" आठवड्याभरात दिवा परत हजर. दुसऱ्यांनी तर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरच बदलला. कारण काय, तर पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. आणि लीन आहे हे सांगतो कोण, तर ऑक्सिजन सेन्सर. चोरी झाली म्हणून ओरडणाऱ्या रखवालदारालाच कामावरून काढायचं, असा तो न्याय. नवा रखवालदारही आठव्या दिवशी तेच ओरडू लागला.

तुमच्याकडे आले तेव्हा माझंही मागणं तेच होतं, "काका, तो दिवा तेवढा घालवा." तुम्ही म्हणालात, "राहू दे गं. तोच पुसला तर मी विचारू कोणाला?"

या एका वाक्याचे आभार मानायला हे पत्र आहे. बाकीचं त्याच्या मागून आलं.

स्कॅनर लावण्याआधी तुम्ही चावी फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. मला वाटलं, सेल्फच मारत नाहीये की काय. तुम्ही दिवे बघत होतात. चावी 'ऑन' केल्यावर सगळे इशारे एकदा लागले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर दोष नाही असं समजू नये, कुणीतरी बल्ब काढून ठेवला असेल. जुनी गाडी घेताना हे कुणी सांगत नाही. मग बॅटरी पाहिलीत: बंद असताना १२.६ व्होल्ट, इंजिन चालू झाल्यावर १४.१. "बॅटरी उपाशी असली की गाडी भलतंच बरळते. आधी ती पोटभर आहे ना बघायचं." अर्थिंगच्या वायरीचा नटही आवळून पाहिलात.

मग स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात स्कॅनर. (अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून हे सॉकेट सगळ्या गाड्यांना सारखं आलं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्याआधी दोन पिनांत वायरीचा तुकडा घालून दिव्याची उघडझाप मोजत बसायचात, मोजताना कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून, हा किस्सा तुम्ही निदान तीनदा सांगितलाय. चौथ्यांदाही ऐकेन.)

कोड तोच, पी०१७१. पण तुम्ही त्याच्या मागचं पान उघडलंत. मला माहीतच नव्हतं की असं पान असतं. दिवा लागला त्या क्षणी गाडीची अवस्था काय होती, हे कॉम्प्युटर टिपून ठेवतो. फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. कोड पुसला की तेही जातं. म्हणजे आधीच्या दोघांनी दर वेळी पंचनामाच फाडून टाकला होता. त्या पानावर होतं: वेग शून्य, इंजिन ७८० आरपीएम, पाण्याचं तापमान ९१ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली कायमची वाढ-घट, अधिक २३ टक्के. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "गाडी तापलेली आहे, उभी आहे, आणि ठरलेल्यापेक्षा पाव हिस्सा जास्त पेट्रोल ओततेय. आता हिला जरा रेस कर."

मी २५०० वर धरली. शॉर्ट टर्म (त्या क्षणापुरती) आणि लाँग टर्म, दोन्ही ट्रिमच्या आकड्यांची बेरीज हळूहळू उतरत सहावर आली. सोडली, की पुन्हा वीसच्या वर. ते आकडे उतरताना बघणं मला अजून आठवतं. तोवर गाडीचा दोष म्हणजे माझ्यासाठी एक दिवा होता, लागलेला किंवा विझलेला. तो पहिल्यांदा हलताना दिसला.

आणि तुम्ही तो उलगडूनही सांगितलात. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या पुढे कुठेतरी भोक आहे, तिथून न मोजलेली हवा आत घुसते. भोक तेवढंच असतं. पण आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून चोरटी हवा भारी पडते. रेस केली की आत येणाऱ्या हवेच्या लोंढ्यात ती कुठल्या कुठे. उलट पंप कमजोर असता, पेट्रोलचा फिल्टर तुंबला असता, तर रेस केल्यावर आकडा वर गेला असता. एका मिनिटात अर्धी गाडी संशयितांच्या यादीतून बाहेर!

राहिलेल्या अर्ध्या गाडीत तुम्ही तासभर घालवलात. क्लॅम्प, गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप. शेवटी पीसीव्हीचं, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढणारं, ते कोपरासारखं वळलेलं होज. वरून चांगलं दिसत होतं. तुम्ही मला हात घालून खालच्या बाजूने बोट फिरवायला लावलंत. तेलाने रबर मऊ, फुगलेलं, चिकट झालेलं, आणि वळणाच्या पोटात नखाएवढी चीर. थंड असताना ओठ मिटल्यासारखी बंद. गरम झालं, की उघडी. म्हणूनच सकाळी आणून दाखवली की गाडी शहाण्यासारखी चालायची.

नवं होज बसवलंत, आणि तरीही कोड पुसला नाहीत. मी हट्ट केला, पण तुम्ही ढिम्म. "तशाच परिस्थितीत तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही, की दिवा आपला आपण जाईल. आपण घालवला, तर बरं झालं की लपलं, कसं कळणार?" पाचव्या दिवशी चावी फिरवली, सगळे दिवे लागले, इंजिन चालू झालं, सगळे गेले. तोही गेला. मी गाडीतच बसून राहिले थोडा वेळ.

तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे. मागे एकदा चढावर गाडी हिसके देऊ लागली आणि तो पिवळा दिवा लुकलुकायला लागला. तुमचं वाक्य डोक्यात होतं: स्थिर असेल तर सावकाश घरी ये, लुकलुकला तर पाय काढ, आणि ऑइलचा लाल लागला तर एक क्षणही इंजिन चालू ठेवू नकोस. मिसिंग होत असताना, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं चुकतं तेव्हा, ते न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. गाडी बाजूला घेतली, बंद केली. तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला नाहीत. नेहमीप्रमाणे.

मग घरी आणवून मीच स्कॅनर लावला. पी०३०२, म्हणजे मिसिंग दुसऱ्या सिलिंडरमध्ये. इंजिन गार झाल्यावर दोन नंबरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तीनवर आणि तीनची दोनवर टाकली. त्यासाठी कोड एकदा पुसावा लागला, पण फ्रीझ फ्रेम वहीत उतरवून मगच. चालू केली, तर पी०३०३. कॉइलबरोबर आजारही सरकला होता. प्लगला, इंजेक्टरला हात लावायची वेळच आली नाही. त्या रात्री मी घरात ज्याला त्याला हे समजावून सांगितलं. ऐकायची हौस कुणालाच नव्हती. तुम्हाला असती.

तर काका, मनापासून आभार. तो तास, ते बोट फिरवायला लावणं, आणि "हात काळे होतील" असं एकदाही न म्हणणं, सगळ्यासाठी.

आणि आता थोडा स्वार्थ. परवा पी०४२० आलाय, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड, आणि दिवा लागला आहे. बघणारे सगळे कन्व्हर्टर गेला म्हणतायत. थंड इंजिनवर सायलेन्सरच्या जोडापाशी फट्‌फट् आवाज येतो आणि जोडाभोवती काजळी आहे, त्यामुळे मला आधी गळतीचा संशय आहे. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे आकडे गरम इंजिनवर, आयडलिंगला आणि २५०० ला, दोन्ही लिहून ठेवलेत. पुसलेलं काही नाही. रविवारी आणू का गाडी?

तुमची,
पिवळ्या दिव्याची मालकीण