गोळी दिली नाही म्हणून थँक्यू, ताई

नमस्कार ताई,

तुमचं नाव इथं टाकत नाही, टाकलं तर उद्या तुम्हीच मला दुकानावर झापाल. आमच्या परभणीकडच्या बऱ्याच जणांना अशी एखादी मेडिकलवाली ताई माहिती असंल, त्यांनी आपापली समजून घ्यावी.

सोयाबीन काढणी चालू होती, आबांचे गुडघे लई धरले होते म्हणून ते तुमच्याकडं डायक्लोफेनॅक म्हणजे दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी मागायला आले आन तुम्ही पट्टी काढायच्या आधी विचारलं, बाबा, बीपीची गोळी चालू आहे का. आबा म्हणाले, हाव, पण तिचा इथं काय संबंध, रोख पैसे देतोय की. तरी तुम्ही दिली नाही. वर सांगितलं, उद्या पोराला पाठवा आन घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पाठवा. घरी येऊन आबा जे तणतणले ते काही इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खताच्या दुकानाची पिशवी भरून गोळ्या आणल्या. तुम्ही ती काउंटरवर उलटी केली आन एकेक पट्टी पालथी करून मागची बारीक अक्षरं वाचत बसल्या, मागं गिऱ्हाईक ओरडत होतं तरी. समोरचं मोठं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, आत औषध कोणतं ते त्या बारीक अक्षरात असतं. एका पट्टीवर अ‍ॅम्लोडिपिन 5, म्हणजे बीपीचं औषध, ती शिबिरात मिळालेली. दुसरीवर टेल्मिसार्टन 40 (हे पण बीपीचंच) आन अ‍ॅम्लोडिपिन 5 एकत्र, ती शहरातल्या डॉक्टरांची. तुम्ही दोन्हीवर बॉलपेननं गोल केला आन पट्ट्या माझ्याकडं सरकवल्या. म्हणजे आबा अ‍ॅम्लोडिपिन हे एकच औषध दोन नावांनी घेत होते, रोज 10 मिलिग्रॅम. काही पेशंटला डॉक्टर तेवढा डोस देतात पण, मात्र तो बीपी बघून, ठरवून. इथं शहरातल्या डॉक्टरला शिबिरातल्या गोळीचा पत्ताच नव्हता.

घोटे सुजायचे, चपलेचा पट्टा रुतायचा, बाजेवरून उठलं की अंधारी यायची, आम्ही म्हणायचो रानात दिवसभर उभं राहून होतंय. तुम्ही सांगितलं की अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजतात, डोस वाढला की जास्तच, आन चक्कर बीपी खाली गेल्यानं पण येऊ शकते.

मला सगळ्यात भारी वाटलं ते म्हणजे तुम्ही स्वतः काही बंद करायला सांगितलं नाही. "ते डॉक्टर ठरवतील, फोटो पाठवा आन आत्ताच फोन लावा," एवढंच. डॉक्टरांनी शिबिराची गोळी बंद केली, एकत्रवाली चालू ठेवली, क्रिएटिनीन (किडनीचं काम कळतं ते) आन पोटॅशियमची रक्ततपासणी लिहून दिली, गुडघ्याला पॅरासिटामॉल मोजून दिली. सूज हळूहळू उतरली.

आन ती दुखण्याची गोळी का नाही दिली तेही आबांना नीट सांगितलंत, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, टेल्मिसार्टनसोबत किडनीवर ताण येऊ शकतो, त्यात लघवी जास्त करायची गोळी चालू असली तर अजूनच. इथं तर टपरीवर पण सुटी गोळी मिळते, कोण विचारतंय बीपीचं?

पुण्याच्या ताईनं मोठ्या मायेनं आणलेलं लो सोडियम मीठ पण तुमच्यामुळं कपाटात गेलं. त्यात पोटॅशियम असतं आन टेल्मिसार्टननं पण रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, हे तिला फोनवर सांगता सांगता माझी दमछाक झाली. एकादशीला आबा गोळी खात नव्हते, तुम्ही म्हणालात पाण्यासोबत घ्या, विठ्ठल रागवत नाही. एखाद्या दिवशी राहिलीच तर आठवल्यावर घ्यायची, दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असंल तर राहू द्यायची, पण दोन एकदम नाही. आन उन्हाळ्याचं तर विचारूच नका, जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात ते उन्हाच्या बाबतीत तरी खरंच आहे, अंगातलं पाणी लवकर कमी होतं, म्हणून उलट्या-जुलाब लागले की गोळी चालू ठेवायची का थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरला विचारायचं, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आबा अजून तुम्हाला "ती खडूस पोरगी" म्हणतात, पण औषध दुसऱ्या दुकानातून आणू देत नाहीत.

आता एक काम आहे. आत्याला बरं वाटायला लागलं म्हणून ती मेटोप्रोलॉल ही तिची बीपीची गोळी बंद करायची म्हणतीय, तुम्ही मागं सांगितलं होतं तसं मी तिला सांगितलंय की ही गोळी एकदम सोडली तर बीपी आन छातीची धडधड उसळी मारू शकते, डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नको. शिवाय तिच्याकडं सर्दीच्या गोळ्या पण हायत, त्यातल्या काहींनी बीपी वाढतो म्हणे. तिची पिशवी घेऊन सोमवारी दुपारी येतो, तवा गर्दी कमी असती ना?