रिसेट न मारल्याबद्दल

नमस्कार दादा,

तुमचं किंवा दुकानाचं नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, "ताई, नाव टाकलंत तर उद्या दहाजण 'जरा फुकट बघा' म्हणून टॅब घेऊन दारात उभे." बरं, राहिलं. पण आभार मानल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

त्या गुरुवारी तुमच्या काउंटरवर टॅब ठेवला तेव्हा मी रडायच्या बेतात होते. चालू केला की कंपनीचं नाव यायचं, खाली टिंबं गोल फिरायची, आणि फिरतच राहायची. पाऊण तास वाट बघितली एकदा. कधी मधेच अंधार व्हायचा आणि परत पहिल्यापासून तेच नाव. तुमच्याआधी एका ठिकाणी दाखवला होता. तिथल्या पोरानं धड हातातसुद्धा घेतला नाही. "सॉफ्टवेअर मारावं लागेल, 600 होतील, आतलं सगळं जाईल," एवढं बोलून तो दुसऱ्याच्या मोबाइलला काच चिकटवायला लागला.

तुम्ही आधी विचारलंत, "आत काय आहे?"

आत माझा धंदा होता, दादा. आपल्या इचलकरंजीत 2019 च्या पुराचं पाणी घरात आलं तेव्हा माझी मापांची वही गेली. शाईचे नुसते निळे डाग उरले होते. पुढे लॉकडाऊनमध्ये पोराच्या शाळेसाठी हा टॅब घेतला, शाळा उघडल्यावर तो माझ्याकडे आला. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं माप चिठ्ठीवर लिहायचं, छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, पुढचा-मागचा गळा, आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवायचा. अडीचशेच्या वर बायका आहेत त्यात. आणि नेमकी लग्नसराई, एकाच घरातले अकरा ब्लाउज कापायचे होते. त्यांना परत माप द्यायला बोलवायचं म्हणजे उद्या दुसरीकडे शिवायला टाकतील.

तुम्ही बॅटरीचा उजेड टाकून चार्जिंगचं भोक बघितलंत आणि हसलात. मी लगेच पिशवीतली सुई पुढे केली, तर म्हणालात, "सुई नको ताई, आतल्या पिना वाकतात," आणि टॅब बंद करून लाकडी काडीनं अलगद उकरलंत. काय निघालं! दाबून दाबून बसलेला कापसाचा बोळा, त्यात लाल धाग्याचा तुकडा, आणि थोडा मार्किंगचा खडू. यंत्रमागाच्या गावात शिलाई मशीनशेजारी टॅब ठेवला की दुसरं काय होणार? चार्जरची पिन नीट बसतच नव्हती, म्हणून चार्जिंग अर्धवट, म्हणून मधेच अंधार. तासभर चार्जिंगला लावल्यावर अंधार थांबला. टिंबं मात्र फिरतच होती.

मेमरी कार्ड काढून बघितलंत, फरक नाही. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरलंत, बंद होऊन परत चालू झाला, पुन्हा तिथंच. मी आगाऊपणा करून म्हटलं, मागचं झाकण खोला आणि चिपमधून फोटो काढून घ्या. तेव्हा तुम्ही समजावलंत की आताच्या टॅबमध्ये आतला माल कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच मशीनमध्ये, माझ्या लॉकच्या पिन नंबराच्या जोडीला. चिप काढून नेली तरी हातात काही वाचता येण्यासारखं येत नाही. म्हणून तो चालूच व्हायला हवा.

मग ती काळी स्क्रीन आली. बारीक इंग्रजी ओळी, बोट लावून काही होत नाही, आवाजाच्या बटणानं खाली-वर सरकायचं. तुम्ही मला जवळ बोलावून दाखवलंत: ही ओळ कॅशे, म्हणजे टॅबनं तात्पुरत्या साठवलेल्या फायली पुसायची, आणि तिच्या बरोबर वरची सगळा डेटा पुसायची, म्हणजे रिसेटची. मधे एका ओळीचंच अंतर! प्रत्येक दाबाला तुम्ही ओळ मोठ्यानं वाचत होतात, मी श्वास धरून. कॅशे पुसली. पुन्हा टिंबं.

त्याच वेळी बाहेर गिऱ्हाईक थांबलेलं. दुसरा कुणी असता तर तिथंच रिसेट मारून मोकळा झाला असता. तुम्ही त्या माणसाला "अर्ध्या तासानं या" म्हणालात.

शेवटी कंपनीचं नाव दिसताच आवाज कमी करायचं बटण दाबून धरलंत आणि टॅब बाजूला ठेवून दिलात. चहा आला, पिऊन झाला. आणि माझा देवीचा फोटो पडद्यावर! डाव्या कोपऱ्यात खाली "सेफ मोड" लिहिलेलं. बाहेरून टाकलेली ॲप झोपवून नुसता मूळचा टॅब उठवला, असं तुम्ही सांगितलंत. मला त्याच्याशी काय देणंघेणं, मी आधी गॅलरी उघडली. चिठ्ठ्या होत्या.

फोटो तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवल्यावरच तुम्ही साफसफाईला हात घातलात. 32 जीबीचा टॅब, आणि उठताना स्वतःच्या फायली लिहायलासुद्धा त्याला जागा उरली नव्हती. पोराचे दोन गेम, आणि भिशीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ! एकेका देवाचे चाळीस चाळीस. पुसताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी खाली बघितलं.

जाताना तुम्ही गूगल खात्याचा पासवर्ड विचारलात. उद्या कधी रिसेट मारायची वेळ आलीच, तर त्यानंतर टॅब जुनंच खातं मागतो म्हणालात. खातं पोरानं सातवीत असताना काढलेलं, पासवर्ड त्याच्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला सापडला. आता माझ्या डायरीत आहे. चिठ्ठ्यांचे फोटो दर रविवारी पेन ड्राइव्हवर जातात, आणि चिठ्ठ्यासुद्धा फेकत नाही, बिस्किटाच्या डब्यात साठवते. डबा माळ्यावर आहे, पाणी तिथवर येत नाही.

अकरा ब्लाउज वेळेत गेले. एकाची बाही परत आली, पण ती चूक माझी, टॅबची नाही.

तुम्ही 150 रुपये घेतलेत आणि वर एक रुपया घेईनात. तेव्हा आता माझं ऐका. वहिनींचा मापाचा ब्लाउज आणि कापड पाठवून द्या, शिलाईचं विचारू नका. आणि त्यांना सांगा, गळ्याचं डिझाइन व्हिडिओ करून नको, एकच फोटो पाठवा.

तुमची,
शिवणकामवाली ताई