तिरकस गुणाकाराआधी अपूर्णांकाकडे पाहू द्या

महोदय,

छेद वेगळे असले की मोठा अपूर्णांक कोणता, हे ठरवायला बहुतेक शिकवण्यांत आता थेट तिरकस गुणाकार सांगतात. ३/७ आणि ४/९ घ्या. ३ × ९ = २७, ४ × ७ = २८, म्हणून ४/९ मोठा. उत्तर बरोबर आले, पण हे २७ आणि २८ कशाचे? ६३ हा छेद केल्यावरचे ते अंश आहेत: २७/६३ आणि २८/६३. ही पायरी मुलांना दाखवलीच जात नाही. मग घाईत २८ हा आकडा ३/७ खाली जातो आणि चिन्ह उलटे पडते. गुणाकार ज्याच्या अंशाचा, त्याच्याच खाली लिहायचा, हे छेद ६३ दिसत असला तरच पटते.

समच्छेद करतानाही हमखास चूक होते. ५/१२ आणि ७/१८ यांच्या छेदांचा लसावि ३६. मूल छेद बदलते, अंश तसेच ठेवते आणि ५/३६, ७/३६ लिहून ७/१८ मोठा ठरवते. १२ ला ३ ने गुणले तर ५ लाही ३ नेच गुणायला हवे. खरे अपूर्णांक १५/३६ आणि १४/३६, म्हणजे मोठा ५/१२.

कित्येक जोड्यांना तर एवढे गणितही लागत नाही. ५/११ निम्म्याहून कमी, कारण ११ चे निम्मे साडेपाच. ७/१२ निम्म्याहून जास्त. झाले! ७/८ आणि ८/९ मध्ये एकेकच भाग कमी, म्हणून दोन्ही सारखे, असे मुले ठामपणे सांगतात. पण पहिल्यात १/८ कमी आहे, दुसऱ्यात १/९. जिथे कमी पडणारा तुकडा लहान, तो अपूर्णांक मोठा, म्हणजे ८/९.

चित्रासाठी हाताने काढलेली वर्तुळे टाळावीत. त्यांचे तीन सारखे भाग पडत नाहीत आणि वर्तुळेच लहानमोठी निघाली तर तुलनेला अर्थ उरत नाही. त्यापेक्षा २४ सेंमीच्या दोन कागदी पट्ट्या कापाव्यात. २/३ म्हणजे १६ सेंमी, ५/८ म्हणजे १५ सेंमी. पट्ट्या एकीखाली एक ठेवल्या की फरक दिसतो.

चाचणीत केवळ < किंवा > या चिन्हाला गुण देऊ नयेत. दोन गुणांपैकी एक ‘कसे ठरवले’ याला ठेवावा, ही शिक्षकांना कळकळीची विनंती.

– एक गणित शिक्षक