रविवारी करवत बंद

म्युनिक, रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, व्हिडिओवर तुला अंगठ्याची पट्टी दिसली, म्हणून आधी तेच सांगते. पटाशी घसरली. टाके पडले नाहीत, परवा पट्टीही निघाली.

तर मी युकुलेली बनवतेय. गिटारचं धाकटं भावंड, चार तारांचं. पहिल्याच खेपेला गिटार नको, असं सगळ्यांनी बजावलं. याला लाकूड कमी लागतं आणि तारांचा ताणही कमी, म्हणून चुका खपतात. माझ्या बऱ्याच खपल्या. बाजूच्या पट्ट्या जेमतेम २ मिलिमीटर जाडीच्या. पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर हळूहळू वळवायच्या. पहिली कंबरेच्या वळणावर काडकन मोडली. दुसरी वळली. मग आतून कडेला पट्टी चिकटवताना ती धरून ठेवायला काय लावतात, तर कपडे वाळत घालायचे चिमटे! पन्नासेक लावल्यावर ते साळिंदर दिसत होतं.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, जनावराच्या कातड्याचा सरस मी वापरत नाही. त्याने जोडलेला सांधा पुन्हा उघडता येतो म्हणून व्हायोलिनवाले अजून त्यालाच धरून आहेत. माझा आपला फेविकॉलसारखा पांढरा.

आता इथली तऱ्हा ऐका. रविवारी करवत, ड्रिल, हातोडी, काही म्हणजे काही चालवायचं नाही. दुकानंसुद्धा बंद. रिकाम्या बाटल्याही रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, का तर खळ्ळकन आवाज होतो. देवाधर्मासाठी म्हणावं तर चर्चला जाणारे मला फारसे दिसत नाहीत. पण चर्चची घंटा मात्र घणाघणा वाजते, ती चालते! मी एकदा दुपारी नुसता पॉलिश पेपर घासत होते, तर खालच्या आजी वर आल्या. रागावल्या नाहीत. हसून “आज रविवार,” म्हणाल्या आणि मी हात थांबवेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. आपल्याकडे मिस्त्री नेमका रविवारीच येतो! म्हणून आज पत्र.

मागच्या महिन्यात मिटेनवाल्डला जाऊन आले. आल्प्सच्या पायथ्याचं व्हायोलिनवाल्यांचं गाव, १८५८ पासून तिथे व्हायोलिन बनवायची शाळा आहे. संग्रहालयात पोरं टोरं काचेला नाक लावून बघत होती. आणि मी, मिरजेची, सतारमेकर गल्लीतून इतकी वर्षं गेले, पण ते भोपळे कसे कापतात ते कधी थांबून बघितलं नाही. बाबा, तुम्ही तंबोरा जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून नाद खुलवून घ्यायला, नेलात तेव्हाही मी रिक्षातच बसून राहिले होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण तुम्ही पाठवलंत, ते इथे टेबलावर आहे.

खर्चाचं म्हणाल तर लाकूड, तारा, हत्यारं धरून १८० युरो. हौसेचे, माझ्या जेवणाखाण्यातून नाहीत. घराचा हप्ता पाच तारखेला पाठवला. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. दिवाळीचं तिकीट काढलं नाही, रजा साठवतेय. ऑपरेशनच्या वेळी मिळेल असं वाटतंय. नाहीच मिळाली तर दादा आहे.

पुण्याच्या मुलाचा फोटो बघितला. चांगला आहे. मार्चमध्ये आले की भेटेन, त्याआधी शब्द देऊ नका. आई, सुतारकामाचं त्यांना आत्ताच सांगू नकोस. नाहीतर सांगच, म्हणजे कळेल.

बाबा, ऑपरेशननंतर बरेच दिवस मांडी घालता येणार नाही. तोवर तंबोऱ्याच्या तारा उतरवून ठेवा.

तुमची,
मनू